मुकादमच्या हृदयाभोवतीचे पाणी

उरलेले औषध टाकून देणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमते. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि राहिलेल्या गोळ्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात जाऊन पडतात. ‘असू दे, कधी लागली तर!’ हे वाक्य ज्या घरात एकदाही उच्चारले गेलेले नाही, असे घर शोधू गेल्यास पायाचे तुकडे पडतील.

ज्या इमारतीची ही हकिकत आहे, तिने याच्या पुढचे पाऊल टाकले होते. तिथे सर्वांचा मिळून एकच डबा होता. जिन्याखाली, विजेच्या मीटरांना लागून, राखाडी रंगाचे एक लोखंडी कपाट उभे होते. ज्याचे औषध उरले त्याने ते आणून ठेवावे, ज्याला गरज पडली त्याने न्यावे. एक कप्पा तापाचा, एक पोटाचा, एक रक्तदाबाचा, आणि ज्यांचा काही ठावठिकाणा लागत नाही अशा गोळ्यांसाठी शेवटचा ‘इतर’. हेतू निर्विवाद चांगला होता. हे आधीच नोंदवलेले बरे. कारण पुढे जे घडले ते वाईट हेतूने घडले असते, तर त्यातून शिकण्यासारखे काही उरले नसते.

कपाटाचे जनक पंपकाका. शहराच्या पंपघरात अभियंता म्हणून त्यांनी सारी नोकरी काढली होती आणि निवृत्तीनंतर, दुरुस्त करायला पंप उरले नाहीत म्हणून, त्यांनी शेजारी हाती घेतले होते. जिन्यात कोणी खोकले तर दार उघडून ते विचारत, “कोरडा की कफाचा?” उत्तर येईपर्यंत कपाटाची किल्ली हातात असे.

“अहो, नळ दुरुस्त करता करता तुम्ही माणसं कधी दुरुस्त करायला लागलात?” काकू विचारत.

“अगं, त्यात काय मोठं? शरीर म्हणजे तरी काय? एक पंप, चार झडपा आणि बाकी सगळे पाइप.”

“मग तो चहाचा कप उचलून मोरीत ठेवायला कुठली झडप लागते, तेही एकदा सांगा.”

या दोघांच्या संसारातला तिसरा प्राणी म्हणजे मुकादम. सोनेरी, लांब केसांचा, दांडगा कुत्रा. तो पिल्लू असताना इमारतीचे रंगकाम चालू होते. रंगारी चहाला थांबले की तो त्यांच्यासमोर बसून भुंकायचा आणि कामाला लागले की गप्प व्हायचा. रंगाऱ्यांनीच त्याला हे नाव दिले. पुढे आठ वर्षे त्याने ते इमानेइतबारे सांभाळले. दूधवाल्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवणे, मीटर वाचणाऱ्यावर नजर ठेवणे, सेक्रेटरींची चप्पल दाराबाहेर सरळ रेषेत आहे का ते पाहणे, ही त्याची रोजची कामे.

ती कामे त्याने एकेक करून सोडायला सुरुवात केली, हे प्रथम काकूंच्या लक्षात आले. दूधवाला एकटाच वर जाऊ लागला. मुकादम पहिल्या वळणावरच बसून राही आणि त्याच्याकडे नुसता पाही.

“ह्याला दम लागतोय हो.”

“वय झालं त्याचं. माणसाच्या हिशेबात साठीला आला. मी तरी आता कुठे धावत जिना चढतो?”

“साठीला तुम्ही धावतच चढत होता. खाली कोणी बघत असलं की जरा जास्तच.”

काकांनी हे ऐकून न ऐकल्यासारखे केले. ‘वय झालं’ या दोन शब्दांची हीच तर सोय आहे. ते उच्चारले की निदान केल्यासारखेही वाटते आणि काही करावेही लागत नाही.

पण पुढे मुकादमचे पोट सुटू लागले. खाणे अर्ध्यावर आले होते आणि पोट मात्र दोन्ही बाजूंनी फुगत होते, याचा मेळ बसेना. काकांनी त्याला उभे करून पोटाच्या एका बाजूला तळवा ठेवला आणि दुसऱ्या बाजूने बोटाने टिचकी मारली. तळव्याला लाट लागली.

“पाणी!” काका जवळजवळ आनंदाने ओरडले. “पोटात पाणी झालंय!”

निरीक्षण अचूक होते. हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

“मग उद्या डॉक्टरांकडे नेऊ या,” काकू म्हणाल्या.

“ते काय करणार? पाण्याची गोळीच देणार आणि वर तपासण्यांचं शेपूट लावणार. ती गोळी आपल्याकडे आहे.”

ती खरोखरच होती. ‘इतर’च्या कप्प्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आणून ठेवलेली. त्यांच्या यजमानांचे हृदय शेवटी शेवटी थकले होते. अंगात साठणारे पाणी लघवीवाटे काढण्यासाठी त्यांना ही गोळी चालू होती. ते गेले आणि गोळ्या उरल्या. काकांनी कुत्र्याला किलोमागे किती द्यायची ते शोधले, मुकादमला उचलून काट्यावर उभे राहिले, आपले वजन वजा केले, भागाकार केला, उलटून ताळा केला आणि ब्लेडने गोळी कापली. एखाद्या प्रयोगशाळेला शोभेल अशी काटेकोर कृती.

परिणामही दिसला. मुकादम दिवसभर दाराशी उभा राहून बाहेर नेण्याचा तगादा लावू लागला. पोट उतरू लागले. काकांनी टेप लावून ते काकूंना सिद्ध करून दाखवले.

“बघ! आणि तू म्हणे डॉक्टर!”

“पोट उतरलं, ते दिसतंय मला. पण तो हसत नाहीये.”

“कुत्री हसत नाहीत.”

“हा हसतो,” काकू म्हणाल्या आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या.

समोरच्या गाळ्यातल्या शिंपीदादांनी मुकादमची ही प्रगती ऐकली आणि मशिनखालून आपले पाय पुढे केले. घोट्यांवर सूज होती. मोज्याचे रबर रुतून वळ उठले होते. “काका, कुत्र्याचं पाणी काढलंत, मग माझं कशाला ठेवता?” त्यांनी हसत विचारले. काकांनी हसत त्यांना त्यातल्याच काही गोळ्या दिल्या.

त्याच आठवड्यात, सकाळी फाटकाशी, फिरायला निघालेला मुकादम चार पावले चालला आणि कोसळला. घसरला नाही, बसला नाही. पाय दुमडले आणि तो एका कुशीवर पडला. काकूंनी त्याचा ओठ वर करून पाहिले. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

“अहो, धावा!”

चादरीची झोळी केली. एक टोक काकांनी धरले, दुसरे शिंपीदादांनी. गाडीपाशी पोचेपर्यंत शिंपीदादांनीच भिंत धरली. “काही नाही, जरा गरगरलं,” ते म्हणाले. त्या क्षणी कोणाचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते.

जनावरांचा दवाखाना दोन रस्ते पलीकडे. तिथल्या डॉक्टरबाई काकांना लेक शोभेल अशा वयाच्या. त्यांनी मुकादमला टेबलावर घेतले आणि छातीला नळी लावली. मग नळीची जागा बदलली. मग पुन्हा बदलली.

“ठोके आहेत, पण भिंतीपलीकडून आल्यासारखे,” त्या म्हणाल्या. एक हात मांडीच्या आत नाडीवर ठेवून त्या त्याचा श्वास पाहत राहिल्या. “आणि श्वास आत घेतला की नाडी बुडतेय. काकू, ही मानेवरची शीर बघा. जबड्यापर्यंत तट्ट फुगलीय. काही औषध चालू आहे का?”

“आहे ना,” काका पुढे झाले. “पोटात पाणी झालं होतं, म्हणून पाण्याची गोळी दिली. वजनावरून डोस काढून.” त्यांनी डोस सांगितला.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. “डोस बरोबर आहे.”

काकांच्या चेहऱ्यावर, त्या तशा प्रसंगीही, किंचित समाधान उमटले.

“तोच घोटाळा आहे, काका. चुकून कमी दिली असतीत तर बरं झालं असतं.” मग मदतनीस बाईंकडे वळून त्या म्हणाल्या, “सलाईन लावा आधी. आणि छातीची उजवी बाजू भादरायला घ्या.”

सोनोग्राफीच्या पडद्यावर राखाडी रंगाचे काहीतरी फडफडत होते आणि त्याच्या सभोवती काळे कडे होते. रुंद, स्वच्छ, जणू मुद्दाम काढलेले.

“हे मधे आहे ते हृदय. त्याच्याभोवती एक पातळ पिशवी असते. एरवी तिच्यात असतं जेमतेम ओलसरपणापुरतं पाणी. इथे हे सगळं काळं दिसतंय ना, ते पाणी.”

“म्हणजे पंप निकामी झाला,” काका हळू आवाजात म्हणाले.

“नाही. पंप धडधाकट आहे. त्याला बाहेरून आवळून धरलंय. ही उजवी बाजू बघा, भरायला जाते आणि आत दबते. जे हृदय भरत नाही, ते फेकणार काय?”

“आणि पोटातलं पाणी?”

“पुढे जागा नाही म्हणून मागे तुंबलेलं. गटार तुंबलं की पाणी अंगणात येतं. अंगण पुसून गटार मोकळं होतं का?”

काका पडद्याकडे पाहत राहिले. आवळलेल्या पंपात पाणी शिरावे यासाठी एकच गोष्ट मदतीला असते: मागून येणारा दाब. टाकीची पातळी खाली गेली, की चांगल्यातला चांगला पंप नुसता घरघरतो, हे त्यांनी किती कनिष्ठ अभियंत्यांना ओरडून सांगितले होते! आणि इथे रक्तातले पाणी गोळीने उपसून उपसून टाकीची पातळी कोणी खाली आणली होती?

“अरे देवा!” त्यांच्या तोंडून निघाले. “सक्शन! सक्शनच तोडलं मी! आवळलेला पंप, आणि वरून मी त्याचं येणारं पाणी बंद केलं!”

“बरोबर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “इतक्या लवकर कोणाला कळत नाही हे. आता बाजूला व्हा.”

मुकादमला डाव्या कुशीवर निजवले. काकूंनी डोक्याशी बसून त्याचे कान हातात घेतले. भादरलेली कातडी बधिर केली गेली. डॉक्टरबाईंनी दोन बरगड्यांमध्ये बोट टेकवून जागा पक्की केली आणि मऊ नळी चढवलेली सुई हळूहळू आत नेली. एक नजर हातावर, एक ठोक्यांच्या आलेखावर. मग सुई मागे घेतली आणि नळी आत राहिली. पिचकारी ओढताच त्यात गडद लाल द्रव चढला.

“रक्त आहे हे!” काका ओरडले. “डॉक्टर, हृदयात गेली सुई!”

“गेली आहे की नाही ते तुम्हीच मला सांगा.” त्यांनी थोडा द्रव काचेच्या नळीत घालून ती काकांच्या हातात दिली. “ही हळूहळू तिरकी करत राहा. गोठलं, तर ताजं रक्त, म्हणजे मी चुकले. गोठलं नाही, तर ते पिशवीतलं जुनं साठलेलं, रक्ताळलेलं पाणी. अंदाज नकोय मला. जे दिसेल ते सांगा.”

काका नळी तिरकी करत राहिले. उभी, आडवी, पुन्हा उभी. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक त्यांनी काही पाहिले नसेल. द्रव काचेवरून वाहत होता, काचेला धरून राहत नव्हता.

“गोठत नाहीये,” शेवटी ते म्हणाले. “नाही गोठत, डॉक्टर!”

“छान. मग काढू या.”

एकामागून एक पिचकाऱ्या भरल्या. पडद्यावरचे काळे कडे बारीक होत गेले. धावणारे ठोके सावकाश होऊ लागले आणि आलेखावरच्या खुज्या रेघा उंच झाल्या. काकूंनी पुन्हा ओठ वर करून पाहिले. हिरडीवर गुलाबी रंग परत येत होता, सकाळी आभाळाच्या कडेला येतो तसा, कुठून सुरू झाला ते न कळता. मग मुकादमने मान उचलली आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहिले. कोण काम सोडून उभे आहे ते तपासल्यासारखे.

काकू रडू लागल्या आणि हसूही लागल्या. “बघा, हसला! आता म्हणा, कुत्री हसत नाहीत!”

काकांच्या हातातली काचेची नळी अजूनही तिरकी होत होती.

“आता बरा झाला ना?” थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

“आजचा धोका टळला,” डॉक्टरबाई हात धुता धुता म्हणाल्या. “पाणी का झालं हा प्रश्न राहिलाच आहे. कधी हृदयावर गाठ असते आणि तिच्यातून रक्त झिरपतं. कधी कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही, आणि तेच त्यातल्या त्यात बरं. मी नीट बघितलं. गाठ दिसली नाही.”

“म्हणजे गाठ नाही.”

“दिसली नाही, असं म्हटलं मी. लहान असली तर निसटते. म्हणून पुन्हा बघायचं. पाणीही परत भरू शकतं. वारंवार भरलं, तर पिशवीचा तुकडा काढून टाकायचं ऑपरेशन असतं.”

“पण ह्याचं वयच झालंय, तर...”

“काका, वय ही पार्श्वभूमी असते. आजार तिच्या पुढ्यात उभा असतो. तुम्ही पार्श्वभूमीकडे बोट दाखवलंत आणि आजार निघून गेला मजेत.”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले, पण टोमणा मारला नाही. काकांना ते जास्त लागले. त्यांनी कपाटाची हकिकत सांगितली. थोडी बचावाखातर, थोडी सवयीने. किती शेजाऱ्यांना त्याचा उपयोग झाला, लोक घरी येऊन कसे आभार मानतात.

“ज्यांना बरं वाटलं ते येतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ज्यांना नाही वाटलं ते कुठे जातात?”

“ते... ते डॉक्टरकडे जात असतील.”

“आणि ते तुमच्या कपाटाला कळतं का? जो आपोआप बरा होणार होता, त्याचं श्रेय कपाटाला. जो बिघडला, त्याचा कपाटाशी संबंध नाही. असं कपाट कधी चुकूच शकत नाही, काका. मला तर भीती वाटते अशा गोष्टीची.”

वाचकहो, या वाक्यापाशी आपणही क्षणभर थांबायला हरकत नाही. आपल्या ओळखीच्या किती रामबाण उपायांची कीर्ती अशाच एकतर्फी साक्षीवर उभी आहे!

काका मुकादमकडे वळणार, तोच त्यांना आठवले. भिंत धरून उभे असलेले शिंपीदादा. ‘जरा गरगरलं.’ मुकादमला काकूंच्या हवाली करून ते तडक गाळ्यावर गेले.

“दादा, ती गोळी घेताय अजून?”

“घेतोय की! सूज उतरली. आता उभं राहिलं की तेवढं गरगरतं. चक्करीवरची एखादी आहे का, तेच विचारायला येणार होतो मी.”

“थांबा. सूज मुळात आली कधी?”

शिंपीदादांनी सुईत दोरा ओवता ओवता आठवले. “ती रक्तदाबाची गोळी सुरू केली, त्याच्यानंतर.”

“कोणी दिली ती?”

“कोणी म्हणजे? तुमच्याच कपाटातली! सेक्रेटरीसाहेब म्हणाले, मला हीच चालू आहे, झकास आहे.”

काका कापलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावरच बसले. एका गोळीने सूज आणली. ती उतरवायला दुसरी. दुसरीने चक्कर आणली. तिच्यासाठी आता तिसरी! कपाटानेच आजार द्यायचे, कपाटानेच औषध द्यायचे, आणि लोकांनी कपाटाचे आभार मानायचे!

“उठा दादा. मशिन बंद करा. डॉक्टरकडे जायचंय.”

“अहो, गिऱ्हाइकाचा कोट द्यायचाय संध्याकाळी!”

“कोट घालायला गिऱ्हाईक आहे. शिवायला तुम्ही राहा म्हणजे झालं.”

माणसांच्या डॉक्टरांनी शिंपीदादांना निजवून आणि उभे करून, दोन्ही वेळा रक्तदाब मोजला, रक्त तपासले आणि काकांनी मनाशी जुळवले होते तेच सांगितले. घोट्यांवरची सूज हा त्या रक्तदाबाच्या गोळीचा परिचित दुष्परिणाम होता आणि गरगरणे पाण्याच्या गोळीचा. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक होती. वेळेवर आलात, असे ते म्हणाले.

पुढच्या रविवारी इमारतीची बैठक तळमजल्यावर, गाड्यांच्या मधल्या जागेत, भरली. काकांनी उभे राहून सांगितले, की कपाट बंद करायचे आहे. सेक्रेटरी उसळले.

“वा! एका कुत्र्यासाठी माणसांची सोय बंद?”

“कुत्र्याने माझे डोळे उघडले. शिंपीदादा माणूस आहेत, त्यांना विचारा.”

“पण साधा ताप आला तर?”

“साधा आहे, हे कोणी ठरवायचं? इतकी वर्षं मी ठरवत आलो. मी पाण्याचा माणूस, साहेब. मला पाणी दिसलं आणि मी पाण्याची गोळी दिली. माझा हिशेब बिनचूक होता. फक्त प्रश्न चुकीचा वाचला होता, आणि चुकीचा वाचलेला प्रश्न जितका बिनचूक सोडवावा, तितका तो घातक होतो!”

मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. त्या बैठकीत सहसा बोलत नसत.

“ती गोळी मीच ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या गोळ्या कचऱ्यात टाकवेनात हो मला. वाटलं, कोणाच्या उपयोगी पडल्या तर ह्यांचं काही वाया गेलं नाही असं होईल. माझ्यामुळे मुकादमला...”

काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. सारी नोकरी यंत्रांशी बोलण्यात गेलेल्या माणसाला शब्द शोधावे लागले.

“वहिनी, गोळीत काही खोट नव्हती. ती त्यांना तपासून, त्यांचं हृदय बघून दिलेली होती. त्यांच्यासाठीच होती ती. मुकादमला जे झालं, ते मी काहीच न बघता गोळी दिली, म्हणून झालं. तुम्हाला काही द्यायचंच असेल, तर त्यांची काठी द्या. ती आरामखुर्ची द्या. ज्याला लागेल त्याला ती बघताच कळेल, की लागतेय. तिला निदान लागत नाही.”

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि होकारार्थी मान डोलावली. कपाटातली औषधे नष्ट करण्यासाठी रुग्णालयात पोचवली गेली. रिकाम्या कप्प्यांत आरामखुर्ची काही मावली नाही. पण काठी, गरम पाण्याची पिशवी, कुबड्यांची जोडी आणि कोणाचा तरी मोडलेला पाय बरा झाल्यावर उरलेला, धरून चालायचा वॉकर, एवढे जमले. सेक्रेटरींनी जाता जाता कपाटाच्या दारावरून हात फिरवला आणि “मलाही एकदा तपासून घ्यायला पाहिजे,” असे कोणालाच उद्देशून नाही अशा बेताने म्हटले.

मुकादमच्या पुढच्या तपासणीला काका वेळेआधीच जाऊन बसले होते. पडद्यावर हृदयाभोवती पुन्हा एक काळी रेघ होती. बारीक, पण होती.

“थोडं आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“काय द्यायचं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“ठोके स्पष्ट आहेत, नाडी भरलेली आहे, हृदय दबत नाहीये. काढण्याइतकं पाणी नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं. दमला, खाईना, हिरड्या फिक्या दिसल्या, तर लगेच आणायचं. आणि घरचं काही द्यायचं नाही.”

ज्या माणसाने जन्मभर काही ना काही फिरवले, उघडले, घट्ट केले, त्याला ‘काही करू नका’ ही सर्वांत कडू मात्रा. काकांनी ती घेतली. रोज मुकादम झोपला की ते शेजारी बसून त्याच्या छातीची हालचाल पाहत. त्याची हिरडी पाहत, मांडीच्या आत बोटे टेकवून नाडी पाहत. हात शिवशिवत, पण गोळीकडे जात नसत. मुकादमला या साऱ्याचा अर्थ एवढाच कळला होता, की म्हाताऱ्याला अलीकडे आपल्याशेजारी बसायला फार आवडते. आणि त्याने ते मोठ्या मनाने चालवून घेतले.

त्याच्या पुढच्या तपासणीत काळी रेघ नव्हती. डॉक्टरबाईंनी यंत्र सर्व बाजूंनी फिरवून पाहिले.

“आज पाणी नाही. गाठही दिसत नाही.”

“दिसत नाही,” काका म्हणाले. “ठीक आहे. पुन्हा कधी आणू?”

डॉक्टरबाई हसल्या. “काका, हे वाक्य मला लिहून भिंतीवर लावावंसं वाटतंय.”

मित्रहो, माया ही चांगलीच गोष्ट आहे. पण मायेला डोळे नसले तर तिच्या हातून काय होईल याचा नेम नाही. लक्षण दिसणे आणि आजार कळणे यांच्यामध्ये एक अंतर असते, आणि ते अंदाजाने उडी मारून ओलांडता येत नाही. आपले माणूस असो वा मुके जनावर, त्याला उरलेली गोळी देण्यापूर्वी त्याला तपासून घ्या. ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. कित्येकदा उपचाराची सुरुवात तिथूनच होते.

परवा संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई दारात आल्या. कडेवर लेकरू, कपाळाला आठ्या. “काका, दोन दिवस ह्याचा कान दुखतोय. काय असेल हो?”

काकांनी लेकराच्या कानाकडे पाहिले, मग सूनबाईंकडे.

“मला माहीत नाही गं, पोरी,” ते म्हणाले आणि चप्पल शोधू लागले. “चल, डॉक्टरांना विचारू.”

‘चल’ हा शब्द ऐकताच आतल्या खोलीत काहीतरी जड धपकन उठले, आणि कोणी बाहेर पडण्यापूर्वीच मुकादम जिना उतरून, फाटकाशी उभा राहून, एवढा वेळ का लागतोय म्हणून भुंकू लागला.